तांबडीचं आंबोण

वच्छलाबाईंच्या हातचं आंबोण म्हणजे लासूर स्टेशनच्या आसपास कौतुकाचा विषय. व्यालेल्या गाईला कच्चं काही घालायचं नाही, हा त्यांचा पस्तीस वर्षांचा नेम. बाजरी, सरकी, गूळ सगळं चुलीवर रटरटायचं, मगच घमेलं गोठ्यात जायचं. या बाबतीत बाई कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

दुसऱ्या वेतानंतर त्यांची तांबडी गाय खंगली, दूध निम्म्यावर आलं. मुलगा सुदर्शन वाळूजला कारखान्यात पाळीवर जायचा, गोठ्याकडं बघायला त्याला सवड नव्हती. तो म्हणाला, "महिनाभर बघू, आई. नाय सुधरली तर बाजारात न्यावं लागंल."

गुरांच्या डॉक्टर प्रेरणाताईंनी अमिनो आम्लाच्या पांढऱ्या दाण्यांची पिशवी दिली. "रोज एक मूठ, आंबोणातून," एवढं सांगून त्या घाईत पुढच्या गावाला गेल्या.

वच्छलाबाईंनी एक दिवस चुकवला नाही. गाईला बाधू नयेत म्हणून दाणे पार विरघळेपर्यंत शिजवायच्या. वर तेलकट तवंग यायचा. "लागंल बघ अंगी," असं म्हणत त्या तांबडीच्या पाठीवरून हात फिरवायच्या. अंगी काही लागलं नाही. महिना भरला, सुदर्शननं तिला टेम्पोत चढवलं. तिचं हंबरणं ऐकवेना म्हणून बाई आत जाऊन बसल्या.

पंधरा दिवसांनी प्रेरणाताई शेजारच्या गोठ्यावर आल्या, तेव्हा बाईंनी त्यांना आपल्या गोठ्यात बोलावून धारेवरच धरलं. "काय बी उपेग नाय तुमच्या दाण्यांचा. रोज दिले, चांगले शिजवून दिले."

"शिजवून?" ताईंचा चेहरा उतरला. "मावशी, त्या दाण्यांवर चरबीचा लेप असतो. नाहीतर गाईच्या पहिल्या पोटातले जंतूच आतलं सगळं खाऊन टाकतात. लेप टिकला तरच औषध पुढं जाऊन अंगी लागतं. चुलीवर तो वितळला असणार. मी सांगायला हवं होतं, चुकलंच माझं."

बाई रिकाम्या दावणीकडं बघत राहिल्या. "कच्चे दिले असते, तर ऱ्हायली असती का ती?"

"सांगता येत नाही. कदाचित राहिली असती."

"मंग सुदर्शनला नका सांगू. गायच खराब निघाली, असं वाटतंय त्याला. तसंच वाटू द्या."

ताई गेल्यावर त्यांनी घमेलं भिंतीशी पालथं घातलं. इतक्या मायेनं शिजवून शिजवून आपणच तांबडीला दारातून काढलं, आणि आता खराब ठरली तीही तीच.