गाळलेले दोन रकाने

तिला सगळे कात्री म्हणत, आणि ते काही ती कपडे दुरुस्त करायची म्हणून नव्हे. दुकान होतं तिचं, दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहावं एवढं. पँट आखूड कर, चेन बदल, काजं घाल, अशी कामं. पण गिऱ्हाइकाने कपडा टेबलावर ठेवायचा अवकाश, ती म्हणायची, "हे कुणी शिवलं? डोळे मिटून शिवलं का?" मग ज्याने कुणी शिवलं असेल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. साठी उलटली तरी जिभेची धार कमी झाली नव्हती.

सिनेगॉगमधल्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघरातल्या, लोकांबद्दल तर विचारूच नका. दर शनिवारी ती वर बायकांच्या सज्जात पहिल्या रांगेत बसायची, ती प्रार्थनेसाठी नव्हे, तर खाली धर्मग्रंथ वाचणाऱ्या घड्याळजीच्या चुका बोटांवर मोजायला. घड्याळजी शब्द खायचा. जगाची घड्याळं सेकंदाला सेकंद लावून देणारा हा गृहस्थ देवासमोर मात्र अर्धी ओळ गिळून ढेकरही द्यायचा नाही. आणि बाकीचे माना डोलवायचे! कात्रीला त्या मानांचीच चीड यायची.

तिचा बाप लेखनिक होता. चामड्याच्या पानांवर पिसाच्या लेखणीने धर्मग्रंथ उतरवायचा आणि तपासायला या मुलीला समोर बसवायचा. ती छापील पुस्तकातून अक्षर न् अक्षर वाचणार, तो बोट ठेवून ताडून बघणार. एक अक्षर राहिलं की महिन्याची मेहनत अडून बसायची. लहानपणी ती एवढंच शिकली, की चूक म्हणजे चूक. देव तिला त्या अक्षरांत कुठे भेटला नाही.

तो भेटला होता तिच्या वहिनीला, आणि तोही उठता-बसता. कात्रीचा भाऊ गेल्यापासून या नणंद-भावजया दोन खोल्यांत राहत होत्या. वहिनीने उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासली; मूलबाळ नाही, गाठीला काही नाही, आणि चेहरा बघावा तर लॉटरी लागल्यासारखा. प्रत्येक सण आला की तिची कळी खुलायची. हनुक्काला दिव्यात तेल घालता घालता ती सांगणार, मंदिरातलं एक दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं. कात्री म्हणणार, "तेलवाल्याने माप चुकवलं असेल." वल्हांडणाला, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाला, वहिनी एलिया संदेष्टा येईल म्हणून पेला भरून ठेवणार आणि दार उघडणार. चाळीस वर्षांत त्या दारातून आलं ते शेजाऱ्यांचं मांजर.

"ज्याने समुद्र फाडून वाट काढली," कात्री एकदा म्हणाली, "त्याला आपल्या मोरीचं तुंबलेलं भोक मोकळं करता येत नाही?"

"तुम्ही कधी मागितलंत का, वन्सं?"

"मागायला मी भिकारी आहे?"

वहिनी हसली. तिच्या या हसण्याचाच कात्रीला सगळ्यात जास्त राग यायचा. मूर्ख माणसाने निदान दुःखी तरी असावं, असं तिचं मत होतं.

मग वहिनीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी कात्रीला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "उद्या सकाळी ऑपरेशनचं टेबल मोकळं आहे. नाहीतर एकदम तीन आठवड्यांनी. आणि तीन आठवडे यांच्याकडे नाहीत. आज सहाच्या आत सही हवी, नाहीतर मी दुसऱ्या पेशंटला घेतो."

वहिनीने संमतीचा कागद बघितला आणि बाजूला सारला. "आज पुरीम आहे. काल संध्याकाळी सण लागला तेव्हाचं वाचन या तपासण्यांपायी हुकलं. एस्तेर ऐकल्याशिवाय मी सही करायची नाही."

पुरीमच्या सणाला एस्तेर राणीच्या गोष्टीची चामड्याची गुंडाळी वाचतात. हामान नावाचा वजीर चिठ्ठ्या टाकून तारीख काढतो, त्या दिवशी राज्यातला झाडून सगळा यहुदी मारायचा. राणी स्वतः यहुदी, ती जिवावर उदार होऊन राजापुढे जाते आणि हामान स्वतःच उभारलेल्या फासावर लटकतो. त्या अख्ख्या गुंडाळीत देवाचं नाव एकदाही येत नाही. वहिनी म्हणायची, तो पडद्याआड आहे. कात्री म्हणायची, तो कामावर आलेलाच नाही. पण नियम दोघींना पाठ होता: हाताने लिहिलेल्या गुंडाळीतूनच ऐकायचं, सूर्य मावळायच्या आत, आणि शब्द न् शब्द. एक शब्द निसटला तर ऐकलं नाही असंच धरायचं.

घड्याळजी येतो म्हणाला होता. तीन वाजता त्याचा निरोप आला, सर्दी झाली. "सर्दी कसली," कात्री म्हणाली, "शब्द खाऊन खाऊन अजीर्ण झालं असेल." तिने दुकानाला कुलूप लावलं, बापाच्या हातची गुंडाळी पिशवीत घातली आणि तणतणत दवाखाना गाठला.

"तुम्ही वाचणार?" वहिनीचे डोळे चमकले. "बायकांना बाईने वाचून दाखवलेलं चालतं. आणि तुमच्यासारखं तर कुणीच वाचत नाही."

"तोंडपुजेपणा पुरे. ऐका."

तिने गुंडाळी पत्रासारखी घड्या घालून, एका घडीवर मजकुराचा एक उभा रकाना अशी, मांडीवर घेतली आणि सुरुवात केली. वाचन तासाभराचंही नाही. पण हामानचं नाव आलं की आवाज करून ते पुसायचं असतं, म्हणून वहिनी चमच्याने खाटेची दांडी बडवायची. तो आवाज थांबेपर्यंत पुढचा शब्द उच्चारायचा नाही. शेजारच्या खाटेवरची बाई कुरकुरली. सिस्टर येऊन ओरडून गेली. त्यातून दुखण्यावरचं इंजेक्शन दिलेलं. पाचव्या रकान्याला वहिनीचे डोळे मिटले.

"वहिनी!"

"अं? कुठवर आलो?"

"राजाला झोप येत नव्हती तिथवर. तुम्हाला बरी येते!"

"मागे चला वन्सं. मेजवानीनंतरचं काही ऐकलं नाही मी."

कात्री मागे गेली. पुन्हा वाचलं. पुन्हा वहिनी पेंगली, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा तिने वहिनीच्या तोंडावर पाणी शिंपडलं. मनात म्हणाली, काय हा खुळेपणा! मरण उशाशी बसलंय आणि ही बाई जुन्या राजाच्या कचेरीतले हुकूम शब्दशः ऐकतेय. खिडकीतलं ऊन खाटेवरून उतरून फरशीवर गेलं, फरशीवरून भिंतीवर चढलं. पावणेसहा झाले. सिस्टर कागद घेऊन दारात उभी राहिली. "आजी, डॉक्टर निघालेत."

वहिनी गाढ झोपली होती. अजून दोन रकाने शिल्लक होते, आणि ती जागी झाली की त्याच्याही मागचं मागणार.

कात्रीने झोपलेल्या चेहऱ्याकडे बघितलं. मग तिने दोन घड्या एकदम उलटल्या, वहिनीचा खांदा गदागदा हलवला आणि शेवटची ओळ खणखणीत आवाजात वाचली.

"झालं?" वहिनी दचकून म्हणाली. "मी झोपले होते का?"

"छे. डोळे मिटून ऐकत होतात."

"सगळं?"

"शब्द न् शब्द."

वहिनीने एका क्षणाचाही विचार न करता सही केली. "घड्याळजी असता तर मी खात्री करून घेतली असती," ती सिस्टरला म्हणाली. "पण आमच्या वन्सं कधी टाकासुद्धा गाळत नाहीत."

त्या संध्याकाळी कात्रीला घास गेला नाही. घड्याळजी निदान सर्वांसमोर शब्द खायचा. तिने चोरून दोन रकाने खाल्ले होते, तेही तिच्यावर डोळे झाकून विश्वास टाकणाऱ्या बाईच्या वाटणीचे. जगातल्या प्रत्येक माणसासाठी तिच्याकडे एक शेलका शब्द होता. आता स्वतःसाठी शोधायला बसली तर सगळेच लागू पडत होते.

सकाळी स्ट्रेचरवरून नेताना वहिनीने तिचा हात धरला. हात गार होता. पहिल्यांदाच ती घाबरलेली दिसत होती. "वन्सं, एकदा सांगा. सगळं ऐकलं ना मी?"

खरं सांगितलं असतं तर ती बाई स्ट्रेचरवरून उतरून चालायला लागली असती. कात्री म्हणाली, "सगळं."

दार मिटलं. व्हरांड्यात एक लोखंडी बाक होता, त्यावर ती चार तास बसली. पहिला तास तिने डॉक्टरांना, सिस्टरला, बाकाला आणि बाक बनवणाऱ्याला शिव्या दिल्या. मग शिव्या संपल्या. मग ती खाली मान घालून, ओठ न हलवता, जो कधी कामावर येत नाही असं ती म्हणायची त्याला म्हणाली, "चूक माझी आहे. तिच्या नावावर धरू नकोस. तिला दे परत. मी मागतेय." आणि तिला रडू फुटलं, भरल्या व्हरांड्यात, ज्या बायका असं रडतात त्यांना ती बावळट म्हणत आली होती तसंच.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली होती.

चार दिवसांनी वहिनी उशीला टेकून बसू लागली आणि वॉर्डभर सांगत सुटली. शेजारची बाई, झाडूवाली, सिस्टर, कुणी सुटलं नाही. "एस्तेर ऐकली, शब्द न् शब्द, म्हणून तर वाचले!"

कात्री खुर्चीवर वहिनीच्या झग्याचं निघालेलं बटण लावत होती. चाळीस वर्षांचा वाद तिने जिंकला होता. दोन रकाने ऐकलेच नव्हते आणि बाई जिवंत होती. गुंडाळीचा काडीचाही उपयोग नाही, याचा याहून धडधडीत पुरावा कुठला? एक वाक्य बोलायचा अवकाश होता. पण त्या बाकावर आपण कुणाला काय मागितलं होतं, ते मग त्या वाक्यात कुठे बसवायचं, हे तिला कळेना. तिने दोरा दाताने तोडला.

"पुढच्या पुरीमलाही तुम्हीच वाचायचं हं, वन्सं," वहिनी म्हणाली.

"वाचेन," कात्री म्हणाली. "पण तुम्ही जाग्या राहा."