राणीचा निरोप माझा नव्हे

माझं शिक्षण चौथी. धंदा गोव्यात, पार्से गावी, काजूच्या बागायतीचा. तरी गावच्या जत्रेसाठी मी ऐतिहासिक नाटकं लिहिली आणि लोक मला नाटककार म्हणतात. म्हणोत. पण त्यात एक गोष्ट खोटी चाललीय. बायको गेल्यापासून ती जड झालीय, म्हणून लिहितो.

माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. बायको सातवी शिकलेली, म्हणून नकला तीच उतरवायची. नक्कल म्हणजे एकेका नटाची वेगळी वही. तीत त्याची भाषणं, आणि आधीच्या माणसाचे शेवटचे दोन शब्द, कधी तोंड उघडायचं ते कळावं म्हणून. चुलीवर पेज ठेवून ती उतरवत बसायची.

गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. चहाच्या गाड्यावर कोकणी की मराठी यावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. आमच्या घरी भांडण कोकणीत आणि नाटक मराठीत, आमचं काही अडलं नाही. त्या वर्षी मी फिरंग्यांशी लढणाऱ्या एका राजाचं नाटक लिहिलं. राणीचं काम डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवणाऱ्या एकाकडे. मिशी काढायची म्हटलं की तो दर वर्षी आजारी पडायचा.

तालमीत निरोपाचा प्रवेश आला आणि प्रॉम्प्टर थांबला. त्याच्या हातात माझी मूळ वही. राणी बोलत होती ते तीत नव्हतंच. मी ट्रकवाल्यावर तापलो. त्यानं नक्कल पुढे केली. भाषण बायकोनं बदललेलं. शेवटचे दोन शब्द तेवढे माझे ठेवलेले, राजाचं पुढचं भाषण अडू नये म्हणून.

घरी येऊन विचारलं, हे तुला कुणी सांगितलं होतं? ती मासळी साफ करत होती. वर न बघता म्हणाली,

“घोव लढाक चल्लो, नि तुमची राणी तेका गडाचो इतिहास सांगता. राणी ती, काय मास्तरीण?”

मी म्हटलं, नाटक मी लिहितो, तू फक्त उतरव. माझं भाषण वेगळ्या कागदावर लिहिलं, तिच्या भाषणावर भाताच्या खळीनं चिकटवलं आणि नक्कल परत दिली.

जत्रेत ट्रकवाल्यानं तिचंच म्हटलं. “पुढच्या दारी आरत्या घेऊन सारी प्रजा असेल, मला तुमचं तोंड दिसायचं नाही. मागच्या दारानं या. विजयी व्हा.”

समोर बसलेल्या बायकांचं चणे खाणं थांबलं. नाटकानंतर ट्रकवाला म्हणाला की माझं भाषण त्याला पाठच होत नव्हतं, आणि तिचं विसरता येत नव्हतं.

त्या निरोपासाठी देवळात मला शाल-नारळ दिला. मी घेतला. कुणाचं भाषण ते बोललो नाही. तिनंही विचारलं नाही. नारळ फोडला आणि माशांच्या हुमणात घातला. दुसऱ्या दिवसापासून मी बागायतीतून मागच्या दारानं येऊ लागलो. ती कडी काढून ठेवायची. यावर आम्ही कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

यंदा पोरांनी तेच नाटक काढलं. वही मागायला आली तेव्हा मी जुनी नक्कल शोधली आणि ओल्या फडक्यानं वरचा कागद सोडवला. खाली तिचं भाषण तसंच होतं. पोरांना म्हटलं, निरोप माझ्या बायकोचा आहे, पडदा उघडण्याआधी तसं सांगा, नाहीतर नाटक मिळणार नाही. एक जण म्हणाला, आजोबा, आता कुणाला काय फरक पडतो?

“माका पडता,” मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं. सगळ्या गावासमोर, माईकवरून. राणीचं काम आता मुलगी करते, तिनं चांगलं म्हटलं. ऐकून मी उठलो, पुढचं नाटक पाहिलं नाही. घरी येऊन सवयीनं मागच्या दाराकडे गेलो. कडी आतून होती. मीच लावलेली. वळसा घालून पुढच्या दारानं आत आलो.