काकांनी नापास केलेला ड्रोन

जुना ड्रोन घ्यायचा म्हटलं की त्या शहरातली माणसं आधी दुरुस्तीवाल्या काकांकडे यायची, आणि काकांना याचा मनापासून कंटाळा आला होता. कंटाळा म्हणजे साधासुधा नव्हे. तीस वर्षं रेडिओ, मिक्सर आणि टीव्ही उघडून बसलेल्या माणसाच्या पाठीत असतो तसला, अंगात मुरलेला. त्यात आता हे ड्रोन. डोळ्यांवर गॉगल चढवायचा, ड्रोनच्या नाकावरच्या कॅमेऱ्याला दिसतं ते सगळं आपल्याला दिसतं, मग आपणच उडतोय असं वाटून माणूस जाऊन झाडावर आपटतो. आपटला की पुसायचं, चिकटवायचं, चांगला फोटो काढायचा आणि ‘अगदी कमी वापरलेला’ म्हणून विकायला काढायचं. मग घेणारा काकांचं दार वाजवतो. काका, जरा येऊन बघता का, पाचच मिनिटांचं काम आहे. काकांचं निम्मं आयुष्य असल्या पाच-पाच मिनिटांतच गेलं होतं.

खरं सांगायचं तर बघायचं काम आता त्यांच्याकडे राहिलंच नव्हतं. चार वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याने दगा द्यायला सुरुवात केली. माणसं ओळखू यायची, रस्ता दिसायचा, पण टेबलावर पडलेला बारीक स्क्रू म्हणजे त्यांच्या लेखी नसल्यासारखाच. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून दुकानातलं सगळं बारीक काम लेकीकडे गेलं. एकोणतीस वर्षांची, कमी बोलणारी, भिंगाखाली केसाएवढी तार जोडताना श्वाससुद्धा न घेणारी ही मुलगी दुकान चालवायची, आणि पाटीवर नाव मात्र अजून काकांचं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात दोघं, दुकानात तीच दोघं.

ड्रोन तपासायला दोघं जोडीनेच जायची. डोळे लेकीचे, कान आणि बोटं काकांची, अशी वाटणी न बोलता ठरून गेली होती. लेक आधी सांगाडा बघायची. तो कार्बनचा असतो, मार बसला की कडेला त्याचे पापुद्रे सुटतात, आणि विकणारे तिथे काळा रंग फासतात. मग सोल्डरचे ठिपके, तारांची सालं, पाण्यात पडल्यावर मागे राहते ती पांढरी पूड. तिचं झालं की काका पुढे व्हायचे. पंखे काढून प्रत्येक मोटर बोटाने हळूच फिरवायचे, हलवून बघायचे, नाकाशी धरून जळका वास येतो का ते बघायचे, आणि शेवटी ड्रोन हवेत गेला की डोळे मिटून ऐकायचे. मग दोनच निकाल. घ्या, नाहीतर नका घेऊ. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. विकणारे आतल्या आत चरफडायचे, पण वाद घालत नसत, कारण काका आजवर एकदाही चुकले नव्हते.

आणि आता ड्रोन लेकीलाच घ्यायचा होता.

तिने ते जेवताना सांगितलं, मीठ मागावं तितक्या साधेपणाने. दुसऱ्या शहरातली एक कंपनी उंच धुराडी आणि मोठाल्या टाक्या आतून तपासायचं काम करत होती. भेगा कुठे आहेत, गंज कुठे चढलाय, हे माणसाला दोरावरून आत सोडण्यापेक्षा छोटा ड्रोन आत पाठवून बघायचं. गिऱ्हाइकांचे दुरुस्त केलेले ड्रोन उडवून उडवून लेकीचा हात इतका बसला होता की कंपनीने तिचं उडवणं बघून लगेच होकार कळवला. अट एकच, यंत्र स्वतःचं हवं. नवा घेण्यासारखी ऐपत नव्हती, पण जमिनी-इमारतींची मापं घेणारा एक मोजणीदार आपला ड्रोन विकत होता, अगदी त्याच कामाचा, पंख्यांभोवती संरक्षक कडी असलेला.

“तुम्ही चांगला म्हणालात तर घेईन आणि जाईन,” ती म्हणाली. “नाही म्हणालात तर विषय संपला. मग पुन्हा शोधत बसणार नाही.”

काका हो म्हणाले आणि ताटात बघत राहिले. उपाशी राहायची वेळ येणार नव्हती, थोडंफार साठवलेलं होतं. पण ती गेली की दुकान महिन्याभरात बंद होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मग सकाळी उठून दाढी करायची ती कशासाठी, एवढाच प्रश्न होता. ज्या दुकानाचा तीस वर्षं कंटाळा केला, ते हातचं जाणार म्हटल्यावर एवढं का वाटावं, हे त्यांनाही कळेना.

शनिवारी दुपारी दोघं बसने मोजणीदाराकडे गेली. तिसरा मजला, जिन्यात सायकली, दारात व्यवस्थित लावलेल्या चपला. मोजणीदार पन्नाशीचा, गळ्यात पट्टा घातलेला माणूस होता. मानेचे मणके झिजल्यामुळे डॉक्टरांनी गॉगलचं वजन कायमचं बंद केलं होतं. त्याने चहा ठेवला, मान न वळवता सगळं अंगच वळवून दोघांना बसा म्हटलं आणि टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरून त्यावर ड्रोन ठेवला. जोडीला एक वही ठेवली.

वहीत त्या ड्रोनच्या पडझडीची नोंद होती. कोणत्या तारखेला कुठे आपटला, काय तुटलं, काय बदललं. काकांच्या अनुभवात विकणारा माणूस पहिलं वाक्य ‘एकदाही पडलेला नाही’ हेच म्हणायचा, आणि कधीच न पडलेला ड्रोन म्हणजे कधीच न उडवलेला ड्रोन, हे त्यांना ठाऊक होतं. इथे हा माणूस ड्रोन नऊ वेळा पडलाय म्हणून आपण होऊन सांगत होता. डाव्या कडीला बारीक तडा आहे, तो दाखवला. सहा बॅटऱ्यांपैकी दोन फुगल्यात, त्या वापरू नका म्हणून बाजूला काढल्या. काकांना वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. मग वाटलं, नाही, काही माणसं अशीच असतात, आणि त्यांच्याशी व्यवहार करणं सगळ्यात कठीण.

लेकीने भिंग लावलं आणि अर्धा तास वर बघितलं नाही. सांगाडा, बोर्ड, तारा, अँटेना. गॉगल खिडकीकडे धरून आतल्या पडद्यावर डाग आहे का ते तपासलं, कारण गॉगल उन्हात उघडा राहिला तर त्याच्या भिंगांतून पडदा भाजतो. रिमोटच्या दोन्ही दांड्या सोडून बघितल्या, बरोबर मध्ये येतात का. उरलेल्या चार बॅटऱ्यांचा एकेक सेल मीटर लावून मोजला. पहिल्यांदा वीज देताना मध्ये बल्ब जोडायचा ही काकांची जुनी रीत. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटूनच राहतो आणि यंत्र वाचतं. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला.

“माझ्याकडून ठीक आहे,” लेक म्हणाली.

काकांनी मोटरी फिरवल्या. एक, दोन, तीन, चार. बोटाला कुठेही कचकच लागली नाही. चारही सारख्याच, आत चुंबकाचे हलके हलके टप्पे. वास नाही. काकांनी पुन्हा पहिल्यापासून फिरवल्या. वर्षभरात इतका निरोगी ड्रोन त्यांच्या हाताखालून गेला नव्हता.

उडवायला सगळे इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गेले. लेकीने गॉगल चढवला, रिमोट हातात घेतला आणि ड्रोन वर उचलला. आधी नुसता स्थिर ठेवला. मग एकदम पूर्ण जोर देऊन वर नेला, खाली सोडला, जमिनीपासून हातभर अंतरावर सावरला. काका डोळे मिटून ऐकत होते. आवाज चांगल्या शिलाई मशीनसारखा सलग. कुठे फाटत नव्हता, कुठे कापत नव्हता.

आणि त्या आवाजात त्यांना दुसरा एक आवाज ऐकू आला. लेक हसत होती. मोठ्याने नाही, अगदी स्वतःशी, गॉगलच्या आड. काकांनी डोळे उघडले. ती जमिनीवर उभी होती पण तिथे नव्हती, वर कुठेतरी होती, आणि तिकडे मजेत होती. दुकानात भिंगाखाली मान घालून बसलेली असताना ती अशी शेवटची कधी हसली होती, हे काकांना आठवेना. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाली ती भीती.

ती खाली आली, गॉगल काढला आणि काकांकडे बघितलं. मोजणीदारानेही सगळं अंग वळवून बघितलं.

“नको घेऊस,” काका म्हणाले.

मग त्यांनी कारण सांगितलं, आणि ते इतकं सहज जिभेवर आलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. एका मोटरला वीज पोचवणारा भाग अडखळतोय. एकदम जोर दिला की जाणवतं. दहा वेळा नीट चालेल, अकराव्या वेळी मोटर थांबेल आणि ड्रोन दगडासारखा खाली येईल. डोळ्यांना दिसण्यातली गोष्ट नाही, कानालाच कळते.

लेक “बरं,” एवढंच म्हणाली आणि पंखे काढायला लागली. तिने दुसऱ्यांदा उडवून बघते असंही म्हटलं नाही. काकांचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो कुठेच पडला नाही.

मोजणीदार वाद घालेल असं काकांना वाटलं होतं. तोही घालेना. घरात आल्यावर तो वही घेऊन खुर्चीत बसला आणि मागची पानं उलटायला लागला. मला कधी ऐकू आलं नाही, तो म्हणाला, पण तुम्ही म्हणताय म्हणजे असणार, तुमच्याबद्दल ऐकून आहे मी. मग एका पानावर थांबला. गेल्या महिन्यात शेजारच्या शाळेने बोलावलं होतं, स्नेहसंमेलनाचं चित्रीकरण करायला. मैदानात तीनशे पोरं बसली होती आणि हा त्यांच्या डोक्यांवरून ड्रोन फिरवत होता. सांगता सांगता त्याचा चेहरा उतरला. एकाच्या जरी डोक्यात पडला असता तर, असं तो दोनदा म्हणाला. मग तो उठला, खणातून तार कापायचा कटर काढला आणि ड्रोन पुढ्यात ओढला.

“काय करताय?” काकांनी विचारलं.

“बोर्डाच्या तारा कापतोय. मी नाही विकला तर माझ्यामागे कोणीतरी विकेल. असला ड्रोन पुन्हा उडायला नको.”

आयुष्यभर काका खोटं बोलणाऱ्यांचे ड्रोन पकडत आले होते. खऱ्या माणसाशी खोटं बोललं की काय होतं, हे बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. कटरचा जबडा लाल तारेवर टेकला. लेक बघत होती, पण ड्रोनकडे नाही, काकांकडे.

“थांबा,” काका म्हणाले. “काही झालेलं नाही त्याला.”

मोजणीदाराचा हात थांबला.

“चांगला आहे. इतका चांगला मी वर्षभरात पाहिला नाही. शाळेच्या दिवशीही चांगलाच होता, तुम्ही झोपा निवांत. मी खोटं बोललो.”

का, हे मोजणीदाराने विचारलं नाही. त्याने कटर खणात ठेवला, एकदा काकांकडे बघितलं, एकदा लेकीकडे, आणि चहा गार झाला म्हणून आत गेला. ते आत जाणं काकांना शिवीपेक्षा जास्त लागलं. पुढचं सगळं झटपट उरकलं. मोजणीदाराने पैसे घेतले, फोनवर आपल्या नावाच्या खात्यातून ड्रोन मोकळा करून दिला, वही डब्यात घातली, आणि निघताना लेकीला मानेची काळजी घे म्हणून सांगितलं. काकांना त्याने नुसता नमस्कार केला.

बस स्टॉपवर बाकावर दोघं बसली. डबा लेकीच्या मांडीवर होता. बराच वेळ बस आली नाही. काका इतके दमले होते की माफी मागायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं. तरी त्यांनी मागितली. तू जाऊ नयेस असं वाटलं म्हणून बोललो, ते म्हणाले.

“माहीत होतं.”

“केव्हा कळलं?”

“तुम्ही म्हणालात तेव्हाच. मोटर अडखळली असती तर मला हातात कळलं असतं, बाबा. आणि ऐकू तर मला चार वर्षं येतंय.”

काकांना हे समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. चार वर्षं ही प्रत्येक वेळी आपलं बघणं संपवून बाजूला होत आली होती, आपल्या कानाने सगळं ऐकत, आणि निकाल सांगायला बापाला पुढे करत.

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

लेकीने डबा जरा जवळ ओढला. “आजवर तुम्ही एकालाही खोटं सांगितलं नाही. माझ्यासाठी सांगितलंत. वाटलं, इतकी गरज असेल तर राहू या.”

ती हे रागाने म्हणाली असती तर काकांना सोपं गेलं असतं. ती दमलेल्या माणसासारखी म्हणाली, त्यांच्याच आवाजात. म्हणजे त्या मोजणीदाराने कटर उचलला नसता तर ही खरंच राहिली असती. रोज सकाळी शटर वर केलं असतं, भिंगाखाली मान घातली असती, आणि आपल्याला वाटत राहिलं असतं की पोरीला काही कळलंच नाही. काकांनी चष्मा काढून पुसला. त्याने काही फरक पडत नव्हता, पण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

लांबून बस येताना दिसली. तिचा नंबर लेकीने वाचला, आपलीच आहे म्हणाली. कधी निघायचंय, काकांनी विचारलं. सोमवारी सकाळी, ती म्हणाली.

“मी सोडायला येणार नाही,” काका उठता उठता म्हणाले. “आलो तर पुन्हा काहीतरी ऐकू येईल मला.”