सुरकुतीची वाट पाहणारे सर

घोटा मोडलेला पेशंट दाखल झाला की आमचे सर रोज सकाळी त्याच्या पलंगाशी वाकायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि सुजलेल्या पायाच्या कातडीकडे नुसते बघत राहायचे. त्यांना तिथे सुरकुती हवी असायची. सूज उतरल्याशिवाय कातडीला सुरकुती पडत नाही, आणि ती पडल्याशिवाय सर चाकू लावत नसत. “आज नाही,” एवढं म्हणून ते पुढच्या पलंगाकडे जायचे.

नेरूळ आणि सीवूड्सच्या मधल्या एका लहानशा हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. सर हाडांचे सर्जन; त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. नातेवाइकांना त्यांचं हे थांबणं अजिबात पटायचं नाही, आणि त्यांची बोलणी मात्र आम्हा सिस्टरांना खावी लागायची.

आनंदा हा साताऱ्याकडचा माथाडी. मार्केटमध्ये ट्रकवरची पोत्यांची थप्पी कोसळली तेव्हा जीव वाचवायला त्याने वरून उडी टाकली आणि सगळा भार एका टाचेवर आला. घोट्याच्या सांध्याचा पार चुरा झाला होता. पाय टरारून सुजलेला, त्यावर पाण्याने भरलेले फोड. सरांनी त्याच संध्याकाळी नडगीत आणि टाचेत पिना घालून बाहेरून सळ्यांची फ्रेम बसवली. हाडं जागेवर राहावीत, एवढ्यापुरतीच.

आठव्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ तणतणत आला. “नुसत्या सळ्या ठोकून ठेवल्यात. ऑपरेशन करायचं न्हाय तर आमी पेशंट दुसरीकडं हलवतो.”

सर चिडले नाहीत. स्टूल ओढून बसले. “माझ्या हातून एकदा घाई झाली होती,” ते म्हणाले. “सुजलेल्या पायातच प्लेट बसवली. एक्स-रे इतका सुंदर आला की मी तो चार जणांना दाखवला. पंधरा दिवसांत जखम उघडली, आतली प्लेट दिसायला लागली. शेवटी पाय गुडघ्याखाली काढावा लागला. रिक्षा चालवायचा तो. हलवायचं तर हलवा, कागद तयार करून देतो. पण तिथल्या डॉक्टरांनाही थांबायला सांगा.”

भावाने कागद मागितले नाहीत. आनंदाला हलवलं नाही.

बाराव्या दिवशी सुरकुती दिसली. सरांनी केसपेपरच्या मागे घोट्याचं चित्र काढलं. “तीन रस्ते आहेत. प्लेट आणि स्क्रू बसवले तर घोटा थोडा हलेल, पण पुढे झिजेल, दुखेल. दुसरं म्हणजे पायाभोवती कड्यांची फ्रेम. ती चारेक महिने बाळगायची, पिनांच्या जखमा रोज साफ करायच्या. तिसरं, टाचेतून वर दांडा घालून सांधा कायमचा जोडून टाकायचा. दुखणं कमी होईल, पण घोटा वाकणार नाही.”

आनंदाने चित्र उलटसुलट करून पाहिलं. “ह्यातलं कुठलं केलं तर पोतं उचलता येईल?”

सरांनी पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, “कुठलंच नाही.”

आनंदाने भिंतीकडे तोंड फिरवलं. भाऊ म्हणाला, “डॉक्टर, जरा धीर तरी द्यायचा.” सर तिथेच बसून राहिले. थोड्या वेळाने आनंदाच म्हणाला, “प्लेट घाला. जेवडं हलंल तेवडं हलंल.”

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. नंतर सर कपडे बदलायच्या खोलीत टोपी न काढताच बसून होते. समोरच्या चहावर साय आली होती. “सिस्टर,” ते म्हणाले, “आपण जोडून देतो, आधीसारखं करून देत नाही. इतकी वर्षं झाली, पण हे माणसाला कसं सांगायचं ते मला अजून जमत नाही.” मी तो चहा उचलून नेला. माझी पाठ दुखत होती, पुढची केस लावायची होती.

पुढच्या वर्षी सरांचा उजवा हात थरथरायला लागला. त्यांनी स्वतःहून ऑपरेशनं थांबवली आणि ते मुलीकडे पुण्याला गेले. निरोपसमारंभ नको म्हणाले. गेल्या हिवाळ्यात ते वारल्याचं फोनवरूनच कळलं.

त्यानंतर महिन्याभराने बेलापूरला एका सरकारी कचेरीत मला आनंदा भेटला. किंचित लंगडत होता. तुर्भ्याला एका गोदामात आता मालाची नोंद ठेवतो म्हणाला. मग विचारलं, “सर कसं हायती?”

मी सांगितलं. तो बाकावर बसला.

“बाकी समदे म्हनायचे, हुईल, हळूहळू हुईल,” तो म्हणाला. “त्यांनी एकट्यानं खरं सांगितलं. लई राग आलता तवा. पर म्हनूनच येळंवर दुसरं काम बगितलं मी. आमच्या माथाडी टोळीतला एक जन असाच पाय मोडून, बरं व्हायची अजून वाट बगत बसलाय घरी.”

माझी दुपारची ड्युटी होती. आम्ही दोघं स्टेशनपर्यंत बरोबर चाललो, त्याच्या पायाला झेपेल अशा चालीने. दोनदा थांबलो. मला उशीर होत होता, पण त्या दिवशी पुढे जाववलं नाही.