तिच्या शहराचं हवामान

माझा थोरला भाऊ शिंपी. हात सोन्याचा, जीभ मात्र कात्रीसारखी. मी त्याच्याच दुकानात काजं-बटणं करते, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे.

त्याची एकुलती एक लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात निघाली, तेव्हा तो म्हणाला, "गेलीस तर पुन्हा हा उंबरा चढू नकोस." ती गेली. खाण तशी माती. तीन वर्षं बापलेकीत एक शब्द नाही.

पहिल्याच वर्षी तिने कुरियरने एक यंत्र पाठवलं. हाताच्या पंजाएवढा पडदा, रात्रंदिवस चालू. त्यावर तिच्या शहराचं नाव, तिथलं तापमान, पाऊस की ऊन. काय दाखवायचं ते ती तिकडून तिच्या फोनवरून ठरवते, हे मी दादाला समजावलं. "नसती ब्याद," तो म्हणाला, आणि रिळं बाजूला सारून शिलाई मशीनच्या अगदी समोर त्याने ती ठेवली.

तेव्हापासून दुकान उघडलं की आधी तिथे नजर. पाऊस दिसला की पुटपुटणार, "छत्री घे गं." थंडी दिसली की, "गळ्याभोवती गुंडाळ काहीतरी." पोटच्या पोरीशी बोलायचं नाही आणि डबड्याला शहाणपण शिकवायचं! मी हसायचे, पण आतून फार वाईट वाटायचं. तिचा नंबर माझ्याकडे आहे हे त्याला माहीत होतं. त्याने कधी मागितला नाही.

गेल्या सोमवारी पडद्यावर आमच्याच गावाचं नाव आलं. अडतीस अंश, कडक ऊन.

"बिघडलं वाटतं," मी म्हणाले.

दादाने पायडलवरचा पाय काढला. "बिघडलं नाही. ती इथे आलीय."

मी दुकानाबाहेर जाऊन तिला फोन लावला. खरंच आली होती, लॉजवर उतरली होती. "बाबांनी बोलावल्याशिवाय येणार नाही, आत्या. गुरुवारी सकाळची गाडी आहे." मी ते जसंच्या तसं दादाला सांगितलं. त्याने पुन्हा पायडल मारायला सुरुवात केली.

मंगळवार त्याने पडद्याकडे बघत काढला. बुधवारी एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. चाळीस वर्षांत त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मी टोमणा मारणार होते, पण त्याच्या तोंडाकडे पाहून बटणं लावत राहिले.

"उद्या यावर पुन्हा तिकडचं नाव येईल ना?" त्याने पडद्याकडे बघत विचारलं.

"येईल."

तो बाह्या हातात धरून बसून राहिला. मग म्हणाला, "नंबर लाव."

तिने उचलला. "बोल, आत्या."

फोन दादाच्या हातात होता. त्याने दोनदा घसा खाकरला. शब्द सापडेना, तसं त्याने सवयीने पडद्याकडे पाहिलं.

"चिमे, बाहेर ऊन फार आहे."

हातातल्या बाह्या त्याने खाली ठेवल्या.

"तू तिथेच थांब," तो म्हणाला. "छत्री घेऊन मीच येतो न्यायला."