मला संशयाचा आजार आहे म्हणे

कॉलेजच्या हॉलमध्ये समुपदेशक मॅडमनी माइकवर नावं वाचली. "ही मुलं थांबतील. बाकीच्यांनी निघावं." त्यात माझं नाव. मागून कुणीतरी ओरडलं, "सायको बॅच, ॲडमिशन सुरू!" अख्खा हॉल हसला. मॅडमही जराशा हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी अकरावीत. कॉलेज पुण्यातल्या कर्वेनगरचं, बाप मार्केट यार्डात हमाल. आदल्या आठवड्यात याच मॅडमनी मोबाइलवर प्रश्न सोडवून घेतले होते. डोक्याचा मोठा आजार व्हायच्या आत पोरांमधली लक्षणं ओळखायची, असं सांगितलं. उत्तरं कुणालाही कळणार नाहीत म्हणाल्या. कसलं काय!

एक प्रश्न होता : लोक आपल्याबद्दल बोलतात असं वाटतं का? मी 'हो' दाबलं. वाटतं कशाला, बोलतातच. मी बाकावर बसले की पोरी गप्प होतात. "कॅटेगरीवाल्यांची मजा आहे बाई," हे मी या कानांनी ऐकलंय.

पुढचा प्रश्न : कुणी नसताना आवाज ऐकू येतात का? तिथं मी 'नाही' दाबलं. ते मात्र खोटं. काही महिने झाले, घरी भांडी घासताना कुणीतरी मला हाक मारायचं. वळून बघावं तर कुणी नाही. मी जाम घाबरले होते. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगावं, तर वर्गातलं खरंही भासातच जमा होणार. गप्प बसावं, तर ती हाक वाढणार. कुठूनही गेलं तरी कोंडीच.

दुसऱ्या दिवशी आप्पांना बोलावलं. ते यार्डातून तसेच आले, खांद्यावर टॉवेल. खुर्ची रिकामी होती, तरी उभेच राहिले.

मॅडम म्हणाल्या, "अहो, हिला संशय येतात. लोक बोलतात म्हणते."

शेजारी आमचे वर्गशिक्षक बसले होते. ते मला म्हणाले, "अगं, एवढा वेळ कुणाला आहे तुझ्याबद्दल बोलायला?" मग आप्पांकडे वळले. "तुमच्यात देवऋषीबिषी चालतं ना? ते आधी बंद करा."

"नाही सर. आम्ही बौद्ध. आम्ही दवाखान्यात जातो."

"वा! सुधारलात म्हणजे."

आप्पा हसले. हात जोडून हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर आप्पाच मला हळूच म्हणाले, "बाळा, सगळ्याला नाही म्हण आणि चल घरी."

नाही म्हटलं असतं तर सुटले असते. त्या दिवसापुरती.

मी म्हणाले, "मॅडम, मला हाक ऐकू येते. कुणी नसताना. मला भीती वाटते, मला डॉक्टर पाहिजे. पण वर्गातली मुलं बोलतात, ते खरं आहे. आणि सर आत्ता काय बोलले ते तुम्हीही ऐकलंत."

मॅडम खिडकीकडे बघायला लागल्या. सर म्हणाले, "बघा, कशी अंगावर येते. हेच लक्षण."

घरी गेल्यावर आप्पांनीच आईला हाकेचं सांगितलं.

आता आई मला सरकारी दवाखान्यात नेते. गोळ्या चालू आहेत. हाक कमी झालीय, गेलेली नाही. कॉलेज तेच, बाक तोच, पोरी तशाच गप्प होतात. त्यावर गोळी नाही.

पण एक ठरलंय. आजार माझा आहे, त्याचं औषध मी घेईन. माझ्या आजाराच्या नावाखाली तुमचा जातिभेद मी खपवू देणार नाही.