ताणा नसलेली पानं

चंद्रमती अक्का तंजावूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतात. पण त्यांचं खरं वर्ष सुरू होतं कार्तिकात, पावसाने जरा उसंत घेतली की. मग सुंगडी साडीखाली कॅनव्हासचे बूट चढवायचे, दहीभाताचा डबा घ्यायचा आणि पहाटेची बस धरून कोडिक्करैच्या अभयारण्यात जायचं, कळलावीच्या वेलांची तब्येत बघायला.

सुंदरी वहिनी दारातूनच बजावतात, "ते फूल घरी आणू नकोस गं. कज्जा लागतो घरात."

"आपल्या घरी त्याला फूल कशाला हवं, वहिनी? तुम्ही आहात की!"

मी शेजारची. एमए होऊन घरी बसले होते. पंच्याण्णव साली अक्का म्हणाल्या, "कविता वाचतेस ना फुलांवरच्या? चल, फूल बघायला." आणि मी गेले.

त्या आधीची काही वर्षं कळलावीवर संकट होतं. परदेशी औषध कंपन्यांना तिचं बी हवं झालं, शेतकरी ती लावू लागले आणि लावणीसाठी कंद जंगलातून उपसले जाऊ लागले. वनखात्याने पहारा बसवला, उपसा थांबला. उरलेली कळलावी सावरते आहे का, हे अक्का दर कार्तिकात बघत होत्या. फुलं तर भरपूर दिसत, झुडपाझुडपातून लाल-पिवळ्या ज्वाळा वर चढलेल्या. अक्कांचं समाधान होत नव्हतं.

"फुलं म्हणजे तब्येत नव्हे," बसमध्ये त्या म्हणाल्या. "गावात पोरं किती, ते बघायचं. इथं नुसते म्हातारे."

यंदाही रोपं दिसली नाहीत, तर बाहेरून कंद आणून लावायचे असं वनखात्याने ठरवलं होतं. म्हणजे इथली मूळची कळलावी आता स्वतःहून वाढत नाही, असं लिहून द्यायचं. आणि ते लिहायचं होतं अक्कांनी.

वनरक्षक वैद्यनाथ आम्हाला आत घेऊन गेला. अक्कांनी मला खूण शिकवली, त्यालाही पूर्वी तीच शिकवली होती: पानाच्या टोकाला गुंडाळलेला ताणा असेल तरच कळलावी, बाकी सगळं गवत. दुपारपर्यंत आम्ही वाकून टोकंच बघत होतो. मोठे वेल सापडले. रोप एकही नाही.

पुढच्या मोकळ्या जागेत वैद्यनाथ ओरडला, "अय्यो, टीचरम्मा! डुकरांनी वाट लावली!"

रानडुकरांनी जमीन नांगरल्यासारखी उकरली होती. उलटलेल्या मातीत गवताची पाती मुळांसकट पडलेली. अक्कांनी त्यातलं एक सहज उचललं, माती झटकली आणि तशाच चिखलात खाली बसल्या.

पात्याखाली कंद होता. करंगळीच्या पेराएवढा, आणि दोन बाजूंना फाकलेला, नांगरासारखा. कळलावीचाच. विषारी म्हणून डुकरांनी तोंड न लावता टाकून दिलेला.

"पण अक्का, याला ताणा कुठंय?"

"नाही! अगं, नाहीच की!" त्यांचा आवाज चिरकला. "लहान आहे ते. अजून चढायचंच नाही त्याला, ताणा कशाला हवा? इतकी वर्षं मी यांना गवत म्हणतेय! डोळे फुटले होते काय माझे?"

त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या, गालभर चिखल. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मीही पाहिलं. न उकरलेल्या जमिनीवर, झुडपांच्या सावलीत, तशीच साधी, सरळ पाती, जिकडेतिकडे.

"हलू नका कुणी!"

वैद्यनाथचा एक पाय हवेतच राहिला. "टीचरम्मा, पाय कुठं ठेवू?"

"डुकराच्या पावलांवर ठेव. ते तुझ्यापेक्षा बरं चालून गेलंय."

"आणि डुकरावर तक्रार लिहायची?"

"लिही की. खाली माझा नमस्कार पण लिही त्याला."

उपटलेली रोपं त्यांनी एकेक करून ओल्या मातीत परत रोवली. मग साडी गुडघ्यापर्यंत खोचली, माझ्या हातात मोजणीच्या सुतळीचं एक टोक दिलं आणि दुसरं टोक धरून त्या ओणव्याच मागे सरकू लागल्या.

"आता टोकं बघू नकोस," त्या म्हणाल्या. "बुडापासून बघ. हं, मोज. एक…"